घाट उतरण्याआधी

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगररांगांत मोलगी हे गाव आहे. भगर आणि आमचूर यांच्या बाजारासाठी ते ओळखले जाते. काठीची प्रसिद्ध राजवाडी होळी याच परिसरातली. मोलगीहून खाली अक्कलकुव्याला यायचे म्हणजे देवगोईचा घाट उतरायचा. अक्कलकुवा हे अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गावरचे गाव. तिथून पुढे तळोदा, शहादा, नंदुरबार अशी मोठी बाजारपेठ लागते. डोंगरातल्या माणसाला कचेरी, मोठा दवाखाना, कॉलेज अशा बहुतेक कामांसाठी हा घाट उतरावाच लागतो.

आता एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. समजा, मोलगीतल्या एखाद्याच्या गाडीचे ब्रेक पॅड झिजले. गाडीच्या नेमक्या मॉडेलचे पॅड लहान गावात हमखास मिळतीलच असे नाही, कारण प्रत्येक गाडीचा माल भरून ठेवणे छोट्या दुकानदाराला परवडत नाही. मग गाडीचा मालक काय करतो? गाडी काढतो आणि पॅड बदलायला खाली निघतो. म्हणजे ज्या घाटासाठी चांगले ब्रेक हवेत, तोच घाट झिजलेल्या ब्रेकवर उतरतो! शहरातला माणूस चार चौक ओलांडून गॅरेजमध्ये पोहोचतो; त्याच्या बाबतीत हे चालून जाते. डोंगरातल्या माणसाच्या बाबतीत दुरुस्तीचा रस्ताच सर्वांत धोक्याचा असतो.

म्हणून आजच्या भाषणात मी एवढेच सांगणार आहे की, गाडी पॅडकडे नेण्याऐवजी पॅड गाडीकडे आणा. खाली जाणाऱ्या एसटीने किंवा ओळखीच्या माणसाबरोबर ते मागवा आणि आपल्या अंगणात, सपाट जागेवर बसवा. पुढच्या चाकांचे डिस्क ब्रेकचे पॅड बदलणे हे नीट समजून घेतले तर घरी करता येण्यासारखे काम आहे. मात्र ते कधी करायचे, कसे करायचे आणि कुठे हात आवरायचा, हे तिन्ही ठाऊक हवे.

आधी ब्रेक म्हणजे काय ते पाहू. बहुतेक लहान मोटारींत आणि बोलेरोसारख्या गाड्यांत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात आणि मागच्या चाकांना ड्रम. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी म्हणजे डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतो. त्यांना धरून बसलेला जबडा म्हणजे कॅलिपर. आपण पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरमधल्या पिस्टनवर येतो, पिस्टन पॅडला ढकलतो आणि दोन्ही पॅड डिस्कला चिमटीत पकडतात. ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते. पण लोकांचे लक्ष तिच्याकडे खरे गेले ते १९५३ मध्ये. त्या वर्षी फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार गाडी पहिली आली. पुढे हे ब्रेक साध्या मोटारींतही आले.

ब्रेक गाडीचा वेग खाऊन टाकतो असे आपण म्हणतो. पण तो वेग जातो कुठे? त्याची उष्णता होते. घाटात तर वेग वाढला नाही तरी उष्णता होतच राहते, कारण उंचावरून खाली येणाऱ्या वजनाची सगळी ताकद कुठेतरी जिरवावी लागते. एक हिशेब करून पाहू. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन अडीच हजार किलो आहे आणि ती ४०० मीटर उंची उतरते आहे असे समजा. या उतरण्यात जेवढी ऊर्जा बाहेर पडते, तेवढ्यात जवळजवळ २९ लिटर साधे पाणी उकळीपर्यंत तापेल. म्हणजे दोन हंडे पाणी! सबंध उतार केवळ ब्रेकवर काढला, तर ही सारी आच चार चाकांतल्या ब्रेकना सोसावी लागते. त्यातही पुढच्या चाकांवर भार जास्त.

ही आच वाढली की दोन गोष्टी होतात. पहिली म्हणजे पॅडची पकड कमी होते. पेडल घट्ट लागते, आपण जीव खाऊन दाबतो, पण गाडी पुरेशी आवरत नाही. जळका वास येतो तो याच वेळी. दुसरी गोष्ट याहून वाईट. उष्णता पॅडमधून पिस्टनमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये शिरते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. मग पेडल लुसलुशीत होऊन सरळ खाली जाते आणि चाकापर्यंत दाब पोहोचतच नाही.

झिजलेला पॅड घाटात अधिक घातक का, याचे उत्तर इथेच आहे. पॅडचे अस्तर जाड असते तोवर ते डिस्कची आच थोडीफार अडवून धरते. ते पातळ झाले की हीच आच लवकर आणि जास्त प्रमाणात ऑइलपर्यंत जाते. त्यामुळे सपाट रस्त्यावर 'अजून चालतंय की' असे वाटायला लावणारा पॅड घाटाच्या मध्यावर दगा देऊ शकतो.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. डॉट-३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये, असे प्रमाण आहे. तेच ऑइल ओलावा पिऊन जुने झाले की हे प्रमाण १४० अंशांवर येते. डॉट-४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. सातपुड्यातला पावसाळा आपल्याला माहीत आहे. बुचाचे तोंड उघडे राहिलेली ऑइलची बाटली पुढच्या वर्षी वापरू नये. गाडीतले ऑइलही साधारण दोन वर्षांनी बदलून घ्यावे.

आता पॅड झिजले हे ओळखायचे कसे? किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. सपाट रस्त्यावर तीस-चाळीस हजार किलोमीटर चालणारे पॅड घाटात त्याच्या निम्म्यातही संपू शकतात. चिखल आणि मुरमाची माती लागली की आणखी लवकर. डोळ्यांनी पाहणे हाच खरा उपाय. पुढचे चाक वळवून बॅटरीच्या उजेडात कॅलिपरच्या फटीतून बघा. नव्या पॅडचे अस्तर साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असते. ते ३ मिलिमीटरवर आले की बदलायची वेळ झाली. पॅडच्या मागची लोखंडी पट्टी यात धरायची नाही. बाहेरचा पॅड चटकन दिसतो म्हणून तेवढाच पाहून समाधान मानू नका. आतल्या बाजूचा पॅड पुष्कळदा आधी संपतो.

कानांनाही काम द्या. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक लहान जीभ असते. अस्तर संपत आले की ती डिस्कला घासून किरकिर आवाज करते. ती पहिली सूचना. त्यानंतर खर्रखर्र असा धातूवर धातू घासल्याचा आवाज येऊ लागला, तर अस्तर संपले आहे. अशा गाडीने घाट उतरायचा नाही, कितीही तातडी असो. दुसरी गाडी बघावी. तिसरी खूण ब्रेक ऑइलच्या डबीत दिसते. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर सरकतात आणि डबीतली पातळी हळूहळू खाली येते. पण पातळी एकाएकी उतरली असेल, तर ती गळती आहे, झीज नव्हे.

पॅड मागवताना गाडीचे मॉडेल, वर्ष आणि इंजिनाचा प्रकार कागदावर लिहून द्या. जुना पॅड नमुन्याला पाठवता आला तर उत्तम; पण त्यासाठी गाडी खोलून ठेवावी लागते, तेव्हा तितके दिवस ती जागची हलवायची नाही. पॅड नेहमी जोडीने, म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढते. नाव नसलेल्या खोक्यातला फार स्वस्त माल घेऊ नका आणि बिल मागून घ्या.

आता प्रत्यक्ष काम. डोंगरात सपाट जागा शोधणे हेच पहिले काम. अंगण उताराचे असेल तर शाळेचे मैदान किंवा बाजाराची मोकळी जागा बघा, पण उतारावर जॅक लावू नका. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा, मग जॅक चढवा. जॅक हा गाडी उचलण्यासाठी आहे, तिला धरून ठेवण्यासाठी नाही. चॅसीखाली लोखंडी स्टँड लावा. विटांची चळत लावू नका, वीट फुटते. काढलेले चाक गाडीखाली आडवे सरकवून ठेवा. चुकून गाडी खाली आलीच तर ती त्यावर टेकेल. पोरांना दूर ठेवा.

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू तशीच राहिली की कोणता भाग कसा बसतो, हे पाहायला नमुना हाताशी असतो. बहुतेक गाड्यांत कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की कॅलिपर वर फिरवता येतो. पूर्ण काढावा लागला तर तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत सोडू नका. तारेने स्प्रिंगला बांधून ठेवा. जुने पॅड बाहेर काढा आणि दोन्ही बाजूंची झीज सारखी आहे का पाहा. एक जाड आणि एक पातळ असेल, तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या अडकल्या आहेत असे समजा. त्या काढून स्वच्छ करा आणि ब्रेकसाठी मिळणारे, उष्णता सोसणारे ग्रीस पातळसर लावा. ही पाच मिनिटांची कामगिरी टाळली तर नवे पॅडही तसेच वाकडे झिजतील.

ब्रेकमधली काळी धूळ तोंडाने फुंकू नका. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस वापरत असत आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. तोंडाला रुमाल बांधा, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके टाकून द्या. डिस्कवरून हात फिरवून खोल चरे किंवा भेगा आहेत का बघा. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. ती त्याहून पातळ झाली असेल किंवा तिला तडा असेल, तर नवे पॅड बसवून उपयोग नाही.

नवे पॅड जाड असतात, म्हणून बाहेर आलेला पिस्टन मागे ढकलावा लागतो. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सुतारकामातल्या शिकंजाने हळूहळू दाबा. स्क्रूड्रायव्हरने जोर लावू नका, पिस्टनचे रबर फाटेल. पिस्टन मागे जाताना ऑइल वरच्या डबीत परत येते. ते सांडत नाही ना यावर लक्ष ठेवा, कारण हे ऑइल रंग खाऊन टाकते. पिस्टन हललाच नाही, तर तिथे थांबा. ते मिस्त्रीचे काम आहे.

नवे पॅड बसवताना अस्तराला तेलाचा हात लागू देऊ नका. अस्तराचा भाग डिस्ककडे, लोखंडी पाठ बाहेर. हे सांगायला नको असे वाटते, पण गडबडीत उलटे पॅड बसवलेल्या गाड्या गॅरेजमध्ये येतात. बोल्ट गाडीच्या पुस्तकात दिले आहेत तितके घट्ट करा. चाक बसवा, नट समोरासमोरचे आवळा, गाडी खाली घ्या आणि नट पुन्हा एकदा आवळा. मग दुसरी बाजू.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पिस्टन मागे ढकललेले असल्यामुळे पहिल्या दाबाला पेडल सरळ तळाला जाते, ब्रेक लागतच नाही! म्हणून गाडी जागची हलवण्याआधी पेडल पुन्हा पुन्हा दाबा, ते घट्ट होईपर्यंत. मग ऑइलची पातळी पाहा आणि तेव्हाच इंजिन सुरू करा. दाबून दाबूनही पेडल लुसलुशीत राहिले, तर नळीत हवा शिरली आहे किंवा गळती आहे. ती गाडी चालवायची नाही. फुगलेली किंवा चिरा पडलेली नळी आणि ओले दिसणारे कॅलिपर ही घरच्या दुरुस्तीची कामे नव्हेत. अशा वेळी मिस्त्रीलाच घरी बोलवा. त्याच्या येण्याजाण्याचे भाडे घाटातल्या जोखमीपुढे काहीच नाही.

नवे पॅड लावून लगेच घाटात उतरू नका, हेही आवर्जून सांगतो. पॅड आणि डिस्क यांचे पृष्ठभाग एकमेकांवर बसायला वेळ लागतो. जवळच्या बऱ्यापैकी सपाट रस्त्यावर बेताच्या वेगाने गाडी नेऊन वीस-तीस वेळा हलके ब्रेक लावा. मध्ये अंतर ठेवून ते निवू द्या. पहिले दोन-तीनशे किलोमीटर ब्रेक करकचून दाबायची वेळ येणार नाही, अशा बेताने चालवा. त्याआधी घाट उतरायचाच असेल तर रिकाम्या गाडीने आणि खालच्या गिअरमध्ये उतरा.

गिअरचा विषय निघाला म्हणून सांगतो. पॅड बदलणे हे निम्मे काम झाले. पॅड इतक्या लवकर का झिजले, याचे उत्तर बहुधा आपल्या चालवण्यात असते. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, ही जुन्या चालकांची शिकवण आजही खरी आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढून धरते आणि ती ताकद इंजिन जिरवते, ब्रेक नव्हे. ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा एकदा नीट दाबून वेग उतरवावा आणि सोडून द्यावा.

डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणे ही आपल्याकडची फार वाईट खोड आहे. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन जवळजवळ बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरते इंधन जळतच राहते. म्हणजे बचतही नाही आणि धोका मात्र पुरता. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून भयंकर. ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते आणि पेडल दगडासारखे होते.

उतरताना जळका वास आला किंवा पेडल खाली जाऊ लागले, तर लगेच खालचा गिअर टाका, सुरक्षित जागा बघून थांबा आणि अर्धा तास तरी गाडी निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, तडकेल.

हे सगळे एवढ्या तपशिलाने सांगायचे कारण म्हणजे या डोंगरात गाडी एकट्या मालकाची नसते. होळीला गुजरातेतून मजूर कुटुंबे घरी परततात. दिवाळीत अस्तंब्याची यात्रा असते. बाजाराच्या दिवशी माणसे, पोती, कोंबड्या असे सगळे एकाच जीपमध्ये चढते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याहून परतणाऱ्या भाविकांच्या गाडीला चांदसैली घाटात अपघात झाला आणि त्यात काही जणांचे प्राण गेले. प्रत्येक अपघाताचे कारण वेगळे असते आणि ते ठरवणे हे तपासणाऱ्यांचे काम. पण गाडीत जितकी माणसे वाढतात तितकी ब्रेकना जिरवावी लागणारी आच वाढते, हा हिशेब काही बदलत नाही. क्षमतेपेक्षा दुप्पट माणसे भरलेल्या गाडीला नवे कोरे पॅडही पुरे पडत नाहीत.

म्हणून दोन शब्द प्रवाशांसाठी. गाडीत बसताना, 'भाऊ, पुढचे पॅड कधी बघितले होते?' असे विचारायला लाजू नका. चांगल्या चालकाला या प्रश्नाचा राग येत नाही, तो तारीख सांगतो. आणि चालक बंधूंना एक विनंती. सणाच्या आठवडाभर आधी चाक वळवून बॅटरीच्या उजेडात पॅड बघण्याचा नेम ठेवा. पाहायला दहा मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही. पॅड पातळ दिसले तर गाडी दारात उभी करा आणि पॅड वर मागवून घ्या. दोन दिवसांचे भाडे बुडेल, पण ते पुढच्या बाजारी भरून निघेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)